श्वास सोडा

माझ्या मामाला माणसं पाठीवरून ओळखू यायची. तोंडं त्याच्या फारशी लक्षात राहत नसत. रस्त्यात कुणी हसून "काय, बरंय ना?" म्हटलं की तो गोंधळून "हो हो, तुमचं?" म्हणायचा, आणि तो माणूस पुढे जाऊन पाठमोरा झाला की याचा चेहरा उजळायचा. "अगं, हा दुसऱ्या डब्याचा, मधल्या दाराचा. डावा खांदा वर असतो बघ त्याचा." मामी म्हणायची, "लग्नाआधी एकदा मी भांडून, पाठ फिरवून निघून गेले होते. तेव्हाच यांना मी पहिल्यांदा नीट दिसले असणार."

मामा रेल्वेत होता. रेल्वेत म्हटलं की लोकांना वाटतं, गाडी चालवत असेल, नाहीतर तिकिटं तपासत असेल. मामा गाडीत कधी चढायचाच नाही. तो फलाटावर उभा राहून माणसांना आत ढकलायचा. हेच त्याचं काम आणि याचाच त्याला पगार. सकाळी शहराकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या स्टेशनात यायच्या त्याच मुळी भरून. तरी फलाटावरची माणसं चढायची, कारण न चढून करतात काय. मग कुणाची पाठ, कुणाची पिशवी, कुणाची टाच बाहेर राहायची. दारं आपोआप सरकून लागणारी होती, पण मध्ये काही आलं की ती पुन्हा उघडायची, आणि दारं लागल्याशिवाय गाडी हलायची नाही. म्हणून रेल्वेनं ढकलायला माणसं ठेवली होती. ऑफिसच्या कागदावर त्यांच्या कामाला काहीतरी भारदस्त नाव होतं. आम्ही सगळे त्यांना 'दारवाले' म्हणायचो.

डबे वाढवले असते, आणखी गाड्या सोडल्या असत्या, तर दारवाल्यांची गरजच पडली नसती. हे मला शाळेत असतानाही कळत होतं. रेल्वेला का कळत नव्हतं, देव जाणे.

ढकलण्यातही मामाची एक रीत होती. हात सपाट ठेवायचे आणि खांद्याच्या दोन हाडांवर टेकायचे. कमरेला हात लावायचा नाही, डोक्याला तर नाहीच नाही. आणि हिसका द्यायचा नाही, आपलं वजन हळूहळू टाकायचं. नवीन दारवाला आला की मामा त्याला आधी भिंतीवर सराव करायला लावायचा. "भिंतीला कळता कामा नये की तू तिला ढकलतोयस," असं सांगायचा. भिंतीला काय कळणार, असं विचारण्याची कुणाची छाती झाली नाही.

पण मामाची खरी करामत हातात नव्हती, आवाजात होती. बाकीचे दारवाले ओरडायचे, "आत व्हा, आत व्हा." आत जागाच नाही तर माणसं कुठं जाणार? मामा ओरडायचा नाही. गार्डची शिट्टी झाली की तो दाराशी उभा राहून खालच्या, लांबवलेल्या सुरात म्हणायचा, "श्वास सोऽडा." आणि डब्यातली सगळी माणसं एकदम श्वास सोडायची. छात्या खाली बसायच्या, पोटं आत जायची, बोटभर जागा व्हायची आणि तेवढ्यात दार लागायचं. त्याचं दार पहिल्या फटक्यात लागतं, अशी त्याची ख्याती होती. शहरात माझ्या दुकानात, म्हणजे मी जिथे चष्म्याच्या काचा घासते तिथे, एकदा एक गिऱ्हाईक आमच्या स्टेशनाचं नाव ऐकून म्हणालं, "अरे वा, तो 'श्वास सोडा'वाला तुमच्याकडचाच ना?" मी ऐटीत सांगितलं की तो माझा सख्खा मामा.

माझी आई मी लहान असतानाच गेली. तेव्हापासून मामा-मामींनीच मला वाढवलं. त्यांना मूल नव्हतं. घर स्टेशनाच्या मागच्या गल्लीत, ड्रायक्लीनिंगच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या. खालून दिवसभर गरम वाफेचा आणि कपड्यांचा वास यायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फलाटाचं शेपूट दिसायचं, आणि त्याच खिडकीत एका दोरीवर मामाचे पांढरे सुती हातमोजे वाळत असायचे. ते मामी रोज धुवायची. माणसांच्या पाठीला हात लावायचे तर ते स्वच्छ हवेत, यावर दोघांचं एकमत होतं. बोटांची टोकं विरली की मामी ती रात्री रफू करायची, आणि इतकी बारीक करायची की टाका शोधून सापडू नये.

खिडकी उघडी असली की मामाचा आवाज थेट ओट्यापर्यंत यायचा. तो आला की मामी हातातलं काम करता करता, स्वतःच्या नकळत, लांब श्वास सोडायची. मला हसू यायचं.

"मामी, तू कुठल्या गाडीत आहेस?"

"काय करू गं, अंगवळणी पडलंय. यांचा आवाज आला की सुटतोच."

घरात तर त्या दोन शब्दांचा खेळच झाला होता. सुटकेस बंद होत नसली की मामा तिच्यावर बसून म्हणायचा, "श्वास सोडा." मामीच्या जुन्या कोटाची चेन वर सरकत नसली की मामा समोर उभा राहून तेच म्हणायचा, आणि मामी डोळे मिटून, गाल आत ओढून, आज्ञाधारकपणे श्वास सोडायची. चेन वर जायची. मग ती त्याच्या हातावर चापट मारायची. लग्नाला इतकी वर्षं होऊनही ती दोघं कोटाच्या चेनवरून हसू शकायची, आणि मला तेव्हा वाटायचं की सगळ्याच घरांत असं असतं.

मामी उशांच्या कारखान्यात उशा भरायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या भुवयांत, कानामागे, पापण्यांवर पांढरे तंतू असायचे. मामा दारातच तिला थांबवून कपडे झाडायच्या ब्रशानं झाडायचा. बाहेरून ती स्वच्छ व्हायची. आत काय साठत होतं ते ब्रशाला कुठून पोचणार? आधी खोकला आला. मग जिना जड जाऊ लागला. मग बोलता बोलता ती वाक्य अर्धं ठेवून थांबायला लागली, आणि आम्ही दोघं ते वाक्य मनातल्या मनात पुरं करून तिच्याकडे बघत बसायचो.

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात छातीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, फुप्फुसं कडक झालीत, त्यांना आता पुरतं फुगता येत नाही. आहेत तेवढी जपायची. त्यांनी प्लास्टिकचं एक खेळण्यासारखं यंत्र दिलं. तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक हलका चेंडू. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, की चेंडू वर जातात. मामा पहिल्याच दिवशी तिन्ही चेंडू खटाखट वर नेऊन छाती फुगवून उभा राहिला. मामीनं यंत्र तोंडाला लावलं तर पहिला चेंडू अर्ध्यावर जाऊन थरथरत राहिला. मामानं मग ते यंत्र स्वतःच्या तोंडाला पुन्हा कधी लावलं नाही.

तिथली नर्स तोंडानं फटकळ पण मनानं चांगली होती. तिनं मामीला शिकवलं, ओठ जवळ घेऊन थोडा थोडा श्वास घ्यायचा आणि आहे तो एकदम सोडून द्यायचा नाही. मग मामाकडे वळून म्हणाली, "आणि यांना गर्दीत आणायचं नाही हं. छातीवर जरासुद्धा दाब नको. तुम्ही काय करता काका?"

"रेल्वेत आहे," मामा म्हणाला.

तरी सुरुवातीला निभावत होतं, ते म्हाताऱ्या गाडीमुळे. सकाळची गर्दी ओसरल्यावर एक गाडी यायची. तिच्यात म्हातारी माणसं, तान्ह्या बाळांच्या आया, प्लास्टर घातलेले, काठीवाले असे सगळे असायचे, म्हणून तिला म्हातारी गाडी म्हणत. तिच्यात बसायला मिळायचं. मामी खिडकीशी बसून जायची आणि छातीचा विभाग बंद व्हायच्या आत पोचायची. मामा त्या वेळी मोकळा असायचा. तो तिला गाडीत बसवायचा, दार लागताना बाहेरून गंभीर चेहऱ्यानं "श्वास सोडा" म्हणायचा, आणि तो मोकळा डबा हसायचा.

नवं वेळापत्रक आलं त्यात म्हातारी गाडी नव्हती. सकाळच्या गाड्यांचे डबेही कमी केले होते. मामा स्टेशनमास्तरांकडे गेला. इतक्या वर्षांत तो स्वतःसाठी काही मागायला त्यांच्या खोलीत गेला नव्हता. मीही सोबत गेले, कारण मामा नमस्कार करून परत येईल अशी मला भीती होती.

"साहेब, ती गाडी बंद झाली."

"अहो, ती रिकामी धावायची."

"रिकामी नव्हती साहेब. माणसं बसलेली असायची."

स्टेशनमास्तर वाईट नव्हते. त्यांनी हात पसरले. वरून आलंय, म्हणाले. वर कोण असतं ते कुणी सांगत नाही, आणि जो असतो तो आमच्या गाडीनं कधी येत नाही. तो आला असता तर त्याच्या पाठीवर सपाट हात ठेवून त्याला आत घालायला मला फार आवडलं असतं.

बसनं जायचं तर तीन ठिकाणी बदलायची, आणि मामीला बस थांब्यावर उभंही राहवेना. गल्लीतला एक शेजारी दोनदा आपल्या गाडीतून घेऊन गेला, मग त्याची नोकरी होती, त्याला तरी किती सांगणार. शेवटी मामा म्हणाला, "सकाळच्या गाडीनंच जाऊ. मी आहे ना तिथं. माझ्या डब्यात मी कुणाला चेंगरू देत नाही."

त्यानं मग एक युक्ती काढली. शेवटच्या डब्यात, गार्डच्या खोलीला लागून, दाराच्या बाजूला एक कोपरा असतो. दोन्हीकडे भिंत आणि मध्ये धरायला दांडा. माणसांचा रेटा दारातून सरळ आत जातो, त्या कोपऱ्यात वळत नाही. मामीनं तिथं उभं राहायचं. मी तिच्याकडे तोंड करून, दोन्ही हात भिंतीला लावून, पाठीनं गर्दी अडवायची. याची तालीम आम्ही घरात केली. फ्रिज आणि कपाट यांच्यामधला कोपरा म्हणजे डब्यातला कोपरा. मामी तिथं उभी राहिली. मी हात टेकले. मामा हातमोजे चढवून मागून आला.

"आता असं समज, आधीची गाडी आलेली नाही," तो म्हणाला आणि त्यानं माझ्या पाठीवर वजन टाकलं.

मी सरळ मामीच्या अंगावर गेले. फ्रिजवरचा चहाचा डबा खाली पडला. मामी इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली, आणि मामा घाबरून हातमोजे न काढताच तिला पाणी पाजायला लागला. "कोपर वाकवू नकोस," तो मला रागावला. "कोपर वाकलं की संपलं." आम्ही पुन्हा केलं. पुन्हा केलं. माझे हात दुखायला लागले तेव्हा मामा म्हणाला, आता जमेल.

आणि जमलंही. काही खेपा जमलं. मामी कोपऱ्यात उभी राहायची, मी कमान करून. माझ्या पाठीवर सगळं शहर रेटत असायचं आणि माझ्या पोटापुढे वीतभर मोकळी हवा असायची, तेवढ्यात मामी ओठ जवळ घेऊन थोडा थोडा श्वास घ्यायची. मामाचा आवाज आला की मात्र तिला सावध राहावं लागायचं. मी डोळे वटारायचे. ती मान हलवायची, नाही सोडत.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मामीला घरी ठेवायला प्राणवायूचं यंत्र मिळेल. ते हॉस्पिटलच देणार होतं, पण त्याआधी मोठे डॉक्टर एकदा स्वतः तपासणार. त्यांनी सकाळची पहिली वेळ दिली. ती चुकली तर पुढची खेप, आणि पुढची खेप कधी ते कुणालाच सांगता येईना. यंत्र आलं की मग इतक्यांदा हॉस्पिटलात जायला नको. मामी म्हणाली, "एकदा ते आलं ना, की गाडीचं तोंड बघणार नाही." मामानं घरात यंत्रासाठी जागाही करून ठेवली, खिडकीखाली, तिला फलाट दिसेल अशी.

त्या दिवशी थंडी होती. थंडीत माणसं असतात तेवढीच, पण कोट चढवल्यानं सगळी दीडपट होतात. मामाला थंडी आवडायची नाही ती यासाठी. आम्ही फलाटावर गेलो तेव्हा मी मामीचा हात घट्ट धरला. आधीची गाडी तांत्रिक कारणानं रद्द झाली होती. तांत्रिक कारण म्हणजे काय ते आजवर कुणी सांगितलेलं नाही. दोन गाड्यांची माणसं फलाटावर उभी होती आणि जिन्यावरून आणखी उतरतच होती.

मामा पांढरे हातमोजे घालून आमच्याजवळ आला. त्यानं मामीच्या कोटाची चेन खाली ओढून कोट मोकळा केला.

"आज राहू दे का?" तो म्हणाला.

"मग यंत्र?"

"पुढच्या खेपेला."

"पुढची खेप कधी, विचारलंत ना तुम्ही?"

मामानं जिन्याकडे पाहिलं.

"मामा, पुढच्या गाडीनं जाऊ," मी म्हटलं.

"पुढची याहून वाईट असेल," तो म्हणाला. त्याला त्यातलं सगळं कळत होतं, आणि तो खोटं बोलत नव्हता.

मामी म्हणाली, "जाते मी. एवढा एकच दिवस."

गाडी आली. दार उघडलं. आमच्या कोपऱ्यात आधीच चार माणसं उभी होती, मधे पुठ्ठ्याचं मोठं खोकं. मी आत शिरले आणि हात लांब करून मामीला ओढायला वळले. मामानं स्वतः तिला आत घातलं. खांद्याच्या दोन हाडांवर सपाट हात ठेवून, जसं तो सगळ्यांना घालायचा तसंच, पण किती हळू. पुढे एकदा तो मला म्हणाला, "तिची पाठ हाताला लागली तेव्हा कळलं गं, किती वाळली होती." मग मागचे लोक आले. कुणी मुद्दाम नाही केलं. प्रत्येकाला कुठेतरी वेळेवर पोचायचं होतं. माझा हात सुटला, मी आत रेटली गेले आणि मामी दाराजवळच राहिली. तिच्या आणि दाराच्या मध्ये एक धिप्पाड माणूस आला. बाहेरून मामाला फक्त त्याची पाठ दिसत असणार.

दार लागेना. एकदा पिशवी अडकली, एकदा कुणाची छत्री. कर्ण्यावरून स्टेशनमास्तर ओरडत होते. मागे दुसरी गाडी येऊन थांबली होती. गार्डनं पुन्हा शिट्टी मारली. एका खांद्यावरून मला मामीचा चेहरा दिसत होता, हनुवटी वर, ओठ जवळ घेतलेले. ती मला शोधत होती. मी भुवया उंचावून तिला सांगत होते, आहे मी, इथंच आहे.

तेवढ्यात मामाचा आवाज आला. नेहमीसारखाच, खालचा आणि लांबवलेला.

"श्वास सोऽडा."

मी पाहिलं. मामीचे ओठ उघडले. गाल आत गेले. डोळे मिटले, कोटाची चेन लावताना मिटायचे तसे. मी "मामी, नको" म्हणाले, पण डबाभर माणसांनी श्वास सोडला होता आणि त्या आवाजात माझं बोलणं कुणाला ऐकू जाणार. दार लागलं.

सोडलेला श्वास बाकीच्यांनी परत घेतला. डब्यात जी काही जागा होती ती त्यांच्या छात्यांनी भरून टाकली. मामीच्या वाट्याला उरली नाही.

गाडी सुटली आणि दोन स्टेशनांच्या मध्ये येऊन थांबली. सिग्नल नव्हता. मी ओरडत होते, "त्यांना जागा द्या, त्यांना श्वास घेता येत नाहीये." "कुठून देऊ?" एक बाई रडकुंडीला येऊन म्हणाली. तो धिप्पाड माणूस दोन्ही हात डोक्यावर धरून पोट आत ओढत होता, त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. सगळी भली माणसं होती. कुणीतरी दुष्ट असता तर मला आज त्याला शिव्या देता आल्या असत्या. मामी पडलीसुद्धा नाही. पडायला जागा नव्हती. ती उभीच होती, माणसांनी धरून ठेवलेली, आणि तिची मान हळूहळू त्या माणसाच्या कोटावर टेकली.

पुढच्या स्टेशनात दार उघडलं तेव्हा ती त्या माणसांसोबतच बाहेर आली.

हॉस्पिटलात दुपारी मामा पोचला. गणवेशातच होता. हातमोजे काढून त्यानं खिशात कोंबले होते, त्यांची बोटं खिशाबाहेर आली होती. मामीच्या तोंडावर मास्क होता. तिला शुद्ध होती. त्याला बघून तिनं मास्क बाजूला केला. नर्स रागावली नाही.

"अहो," ती म्हणाली, "तुमचा आवाज आला."

मामा ऐकायला खाली वाकला.

"म्हणून सोडला." आणि ती किंचित हसली. स्वतःचीच फजिती सांगावी तशी हसली. तिनं ते त्याला दोष द्यायला सांगितलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. गंमत म्हणून सांगितलं होतं. तिचं बाकीचं वाक्य नेहमीसारखं अर्धं राहिलं.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा तिच्या श्वासांमधलं अंतर वाढायला लागलं. डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या आणि त्यांनी आम्हाला जवळ बसू दिलं. मामानं खुर्ची ओढली. त्यानं तिच्या खांद्यामागे हात घातला, पाठीखाली, सपाट. मग तो बोलायला लागला. तोच आवाज, तोच खालचा, लांबवलेला सूर, पण शब्द त्याच्या तोंडी कधी न आलेला.

"श्वास घे. घे गं. श्वास घेऽ."

खोलीत आम्ही जेवढे होतो, मी, नर्स, पलीकडच्या खाटेवरची म्हातारी, सगळ्यांनी त्या आवाजासरशी श्वास घेतला. मामीनं घेतला नाही. तो सांगत राहिला. नर्सनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला तरी तो सांगत राहिला. मी तो आवाज आयुष्यभर ऐकत आले होते, त्याचं कुणी ऐकलं नाही असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

रेल्वेची चौकशी झाली. बाईंची प्रकृती आधीच नाजूक होती, कर्मचाऱ्यानं आपलं काम नियमाप्रमाणे केलं, असा निकाल आला. मामाला कुणी बोल लावला नाही. त्यानंच तो जास्त खचला. कुणी शिव्या दिल्या असत्या, कामावरून काढलं असतं, तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं. म्हाताऱ्या गाडीबद्दल चौकशीत अवाक्षर नव्हतं. मी ते चौकशीच्या साहेबांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, तो वेगळा विषय आहे.

हॉस्पिटलातून फोन आला की मोठ्या डॉक्टरांनी जुने कागद बघूनच यंत्र मंजूर केलंय, कधी पाठवू. फोन मी घेतला होता. खिडकीखालची जागा अजून रिकामीच आहे, तिथं मामा काही ठेवू देत नाही.

मामा परत कामावर गेला. मी नको म्हणत होते, पण घरात तरी काय करणार होता. सकाळी उठून त्यानं कपडे केले. दोरीवर मामीनं धुतलेली हातमोज्यांची शेवटची जोडी वाळून कडक झाली होती. तिच्याकडे त्यानं बघितलं आणि ती तशीच ठेवून उघड्या हातांनी निघाला. मलाही दुकानात जायचं होतं. मी त्याच्याच दारातून चढले, मुद्दाम, त्याला मी दिसावी म्हणून. पण लोकांनी मला आत फिरवलं आणि माझी फक्त पाठ त्याच्याकडे राहिली. दोन तळहात माझ्या खांद्याच्या हाडांवर टेकले. उबदार होते, आणि क्षणभर जास्तच टेकून राहिले. त्यानं मला ओळखलं होतं.

गार्डची शिट्टी झाली. आता तो म्हणेल म्हणून मी अंग आवळलं. मामा काही बोलला नाही. दार सरकलं, अडलं, पुन्हा उघडलं. दुसरी शिट्टी झाली. मला त्याचा श्वास ऐकू येत होता, शब्द येत नव्हते. त्याला ते म्हणायचं नव्हतं, आणि माझ्या मनात आलं, आता हे दार लागणारच नाही. गाडी इथंच उभी राहील, मागची तिच्या मागे, तिच्या मागे आणखी एक, आणि मग तरी कुणीतरी वरून खाली येऊन बघेल.

आणि डब्यातल्या माणसांनी आपण होऊन श्वास सोडला. सांगावं लागलंच नाही. इतक्या वर्षांची सवय, शिट्टी झाली की सुटतो. सगळ्यांनी सोडला, एकदम, आणि माझ्या पाठीवरचे हात बाजूला झाले.

मीसुद्धा सोडला. दार लागलं आणि गाडी सुटली.